आजारी आणि वयस्कर यात्रेकरूंसोबत सेवेला येताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न (सोलापूर)

वेलंकणी, हरेगाव, बांद्रा, जुनं गोवं, अशा ख्रिस्ती यात्रांना आजारी-वयस्कर माणसांना घेऊन कुठलाही ग्रुप निघायचा म्हटलं की महिनाभर आधीपासून फोनवर तेच तेच प्रश्न सुरू होतात, आणि प्रत्येकाला वेगळं सांगत बसलं की अर्धं सांगायचं राहून जातं. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून टाकलंय. लांबलंय थोडं, पण नाव देण्याआधी वाचाच.

सेवेला जायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

बरेच जण समजतात की व्हीलचेअर ढकलायची आणि रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणायची. ते असतंच, पण खरं काम म्हणजे वाट बघणं. आजोबा बाथरूममध्ये गेलेत, बाहेर उभं राहायचं. आजींना जेवायला पाऊण तास लागतो, शेजारी बसायचं आणि घड्याळाकडे बघायचं नाही. रात्री दोनला कुणाला पाणी लागतं, कुणाला पाय चेपून हवे असतात, कुणाला नुसतं बोलायचं असतं. गोळ्या वेळेवर द्यायच्या, कपडे बदलायला मदत करायची, चप्पल शोधायची, आणि परत चप्पल शोधायची. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चोळून देणारी माणसं आपण सोलापूर जिल्ह्यातली लोकं लहानपणापासून बघत आलोय, तसंच हे समजा, फक्त इथं तोच माणूस चार दिवस तुमच्याकडे असतो.

मी कॅथलिक नाही. चालेल का?

चालेल की. वेलंकणीला जाणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात, आपल्या सोलापुरातूनही हिंदू, मुस्लिम घरातली माणसं नवस फेडायला जातातच. मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकर, फक्त कॅथलिकांनी घ्यायचा असतो, त्यामुळं त्या वेळी तुमच्या माणसाची खुर्ची पुढं न्या आणि स्वतः हात जोडून उभे राहा, कुणी काही म्हणत नाही. एवढंच बघा की तुमच्या सोबतच्या आजीला प्रार्थना करायची असेल तेव्हा तुम्ही मोबाईल काढू नका.

नर्सिंग येत नाही, मग उपयोग काय माझा?

इंजेक्शन देणं, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, जखमेचं ड्रेसिंग, ही कामं ग्रुपमधल्या नर्स किंवा डॉक्टरच करणार, तुम्ही हातच लावायचा नाही. बाकीची कामं कुणालाही शिकता येतात आणि निघायच्या आधी आम्ही एक दुपार बसून शिकवतो. उलट कधी कधी ज्यांना सगळं येतं असं वाटतं त्यांचाच त्रास होतो, ते पेशंटला न विचारता उचलायला लागतात.

माझी कंबर दुखते / माझं वय साठच्या वर आहे.

उचलायचं काम नको तुम्हाला, पण या. गोळ्यांची वही सांभाळायला, रात्री जागायला, गप्पा मारायला माणूस लागतोच, आणि वयस्कर आज्यांना विशीतल्या पोरींपेक्षा तुमच्याशी बोलायला बरं वाटतं.

कुठल्या कुठल्या यात्रा असतात आणि कुठं किती त्रास असतो?

हे नीट वाचा, कारण प्रत्येक ठिकाणची अडचण वेगळी आहे.

हरेगावची मतमाऊलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा सगळ्यात जवळची. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात, सप्टेंबरात मरियामातेच्या जन्माच्या सणाच्या आसपास भरते. सगळं मराठीत असतं त्यामुळं म्हाताऱ्यांना घरच्यासारखं वाटतं. रेल्वेनं जायचं तर दौंड-मनमाड लाइनवर बेलापूर नावाचं स्टेशन आहे, तेच श्रीरामपूरचं. अडचण एकच, पाऊस आणि काळी माती. व्हीलचेअरची पुढची बारकी चाकं चिखलात रुतली की दोन माणसं लागतात, म्हणून तिथं शक्यतो गाडी जितकी जवळ नेऊ देतील तितकी नेतो आणि रिमझिम असेल तर खुर्ची उलटी करून मोठ्या चाकांवर ओढतो.

बांद्र्याची माऊंट मेरीची जत्रा 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. हात, पाय, डोळे, हृदय अशा आकाराच्या मेणबत्त्या वाहतात तिथं. चढ आणि गर्दी दोन्ही आहे. गुडघ्याच्या पेशंटला रविवारी अजिबात नेऊ नका, आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी लवकर न्या.

जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिका या मानाच्या मोठ्या चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत, त्यांचा सण 3 डिसेंबर, आधी नऊ दिवस नोव्हेना. दर दहा वर्षांनी ते अवशेष सगळ्यांना जवळून बघता यावेत म्हणून खाली आणून ठेवतात, मागचं दर्शन नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात झालं. त्याच्या पुढच्याची वाट बघणाऱ्या ऐंशीच्या पुढच्या आजोबांना आम्ही सांगतो की साध्या दिवशी चला, गर्दी नाही आणि मनासारखं बसता येतं.

आणि वेलंकणी. आरोग्यमातेचं ठिकाण, त्यामुळं आजारी माणसांची ओढ तिकडंच जास्त. तमिळनाडूत नागपट्टिनम जिल्ह्यात, समुद्राकाठी. 29 ऑगस्टला झेंडा चढतो आणि 8 सप्टेंबरला सण, या दिवसांत तिथं मराठीतही मिस्सा होते. परंपरेत सांगतात की ताक विकणाऱ्या एका लंगड्या पोराला तिथं माता दिसली आणि तो चालायला लागला, म्हणून आजारी माणसांचा तिथं एवढा जीव. 1962 साली पोप जॉन 23वे यांनी या चर्चला बॅसिलिकाचा दर्जा दिला. आमचं स्पष्ट मत: आजारी माणसाला सणाच्या दहा दिवसांत नेऊ नये. जानेवारी-फेब्रुवारीत न्या. तेव्हा ऊन कमी, खोल्या मिळतात, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा तिकडचा पाऊसही संपलेला असतो. लोक ऐकत नाहीत, सणालाच जायचं म्हणतात, मग आम्ही 8 तारीख सोडून आधीचे दिवस बघतो.

एक गोष्ट सोलापूरकरांच्या लक्षात येत नाही. आपल्याला 42-43 डिग्रीची सवय आहे म्हणून आपण म्हणतो गर्मीचं काय एवढं. पण आपली गर्मी कोरडी, घाम लगेच वाळतो. समुद्राकाठी घाम वाळतच नाही, अंग थंड होत नाही, आणि 35 डिग्रीलाच म्हातारं माणूस गळून जातं.

वेलंकणीला रेल्वेनं जाताना काय बघायचं?

आपण मुंबई-चेन्नई लाइनवर आहोत हे नशीब. चेन्नई सेंट्रलला उतरलं तर एग्मोर स्टेशनला जाऊन पुढची गाडी पकडायची असते, अंतर थोडंच आहे पण सामान, खुर्च्या आणि दहा म्हातारी माणसं घेऊन ते थोडं अंतर दमवतं. दोन गाड्यांमध्ये किमान पाच-सहा तास ठेवा.

तिकिटाचं सांगायचं तर ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, ती आहे असं समजून बजेट करू नका. दिव्यांगांची सवलत आहे, त्यासाठी रेल्वेचं कार्ड आधी काढावं लागतं. कॅन्सर, डायलिसिस वगैरे पेशंटची सवलत ही ट्रीटमेंटच्या प्रवासासाठी असते, यात्रेसाठी नाही, आणि कुणी कितीही म्हटलं तरी आम्ही ती यात्रेला वापरत नाही. लोअर बर्थसाठी एक युक्ती: ज्येष्ठांचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील तर मिळतो, म्हणून सहा जणांचं एक तिकीट काढण्यापेक्षा दोन-दोन जणांची काढा. वरचा बर्थ मिळालेल्या आजोबांसाठी रात्री अकराला डब्यात कुणाला तरी विनवण्या करणं हा काही सेवेचा प्रकार नव्हे, टाळता येतो.

स्टेशनवर व्हीलचेअर मिळते, पण आधी सांगून ठेवा. गाडीत काही झालं तर 139 ला फोन करा आणि टीसीला सांगा, पुढच्या स्टेशनवर डॉक्टर बोलावतात.

व्हीलचेअर ढकलायला काय शिकायचंय त्यात?

बरंच आहे. उठवायच्या किंवा बसवायच्या आधी दोन्ही ब्रेक लावा आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा, निम्मे अपघात या दोन गोष्टी विसरल्यानं होतात. उतारावर खुर्ची उलटी घ्या, म्हणजे तुम्ही खालच्या बाजूला आणि माणूस तुमच्याकडे पाठ करून, नाहीतर तो पुढं घसरून पडेल. पदराचं, ओढणीचं टोक चाकात जातं, ते आधी बघा. दिवसभर बसून राहणाऱ्याला अर्ध्या तासानं थोडं सरकवा, आणि अंथरुणावर असणाऱ्याची कूस रात्रीसुद्धा दर दोन तासांनी बदला, नाहीतर पाठीला, माकडहाडाजवळ जखम होते आणि ती यात्रेहून घरी आल्यावर महिनोन्‌महिने भरत नाही.

आणि ढकलायच्या आधी सांगा, "काका, निघूया का?" मागून येऊन न बोलता खुर्ची हलवली की माणूस दचकतो. त्याच्या डोक्यावरून दुसऱ्याशी बोलत राहू नका, खाली वाकून त्याच्या डोळ्यासमोर या.

गोळ्या-औषधांचं कसं करायचं?

घरून निघतानाच प्रत्येकाचा एक कागद लागतो: नाव, आजार, कुठली गोळी कधी, कशाची ॲलर्जी, घरच्यांचा नंबर, डॉक्टरांचा नंबर. एक कागद त्यांच्या खिशात, एक आमच्या वहीत. गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या, गाडी लेट होतेच. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, डबीत सगळ्या एकत्र ओतून आणलेल्या कुठल्या कुठल्या आहेत ते नर्सलाही ओळखता येत नाही.

इन्शुलिन बसच्या पुढच्या काचेजवळ ठेवायचं नाही, बर्फात थेट ठेवायचं नाही, विमान असेल तर खाली टाकायच्या बॅगेत द्यायचं नाही. थर्मासमध्ये किंवा गार पिशवीत, कापडात गुंडाळून, आपल्यासोबत.

शुगर कमी झाली की घाम येतो, हात थरथरतात, माणूस एकदम चिडतो किंवा भलतंच बोलायला लागतो. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. हा नंबर महाराष्ट्र, गोवा, तमिळनाडू तिन्हीकडे चालतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी सांगत नाही. बऱ्याच आज्या-आजोबा प्रवासात पाणी पिणंच बंद करतात, आणि लघवी जास्त होणारी ती "पाण्याची गोळी" गुपचूप खात नाहीत, कारण बसमध्ये बाथरूम नसते आणि ड्रायव्हरला सारखं थांबव म्हणायची लाज वाटते. हृदयाच्या पेशंटनं ही गोळी चार दिवस चुकवली तर पायावर सूज, रात्री धाप आणि मग सरळ हॉस्पिटल. म्हणून निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून प्रवासाच्या दिवसाची वेळ ठरवून घ्या, आणि गाडी दीड-दोन तासांनी थांबणारच हे आदल्या दिवशीच सगळ्यांसमोर जाहीर करा. कुणी मागायची वेळच येऊ देऊ नका.

हो पण बाथरूमचं... म्हणजे मला जमेल का?

हा प्रश्न लोक शेवटी आणि हळू आवाजात विचारतात, आणि खरं तर हाच पहिला विचारायला हवा. जमतं. पहिल्यांदा अवघड वाटतं, दुसऱ्यांदा कमी, नंतर लक्षातही येत नाही. नियम एवढेच: बायकांना बायका, पुरुषांना पुरुष. दार लावा किंवा चादर धरा. जेवढं त्यांना स्वतःला करता येतं तेवढं त्यांना करू द्या, तुम्ही घाई करून सगळं उरकू नका. हातमोजे घाला आणि आधीच सांगा की हे सगळ्यांसाठी घालतो, तुमची किळस येते म्हणून नाही. लघवीची पिशवी असेल तर ती कायम पोटाच्या खालच्या पातळीला, उचलून मांडीवर किंवा खांद्याजवळ ठेवायची नाही, लघवी परत आत गेली तर इन्फेक्शन होतं. लॉजमध्ये पोचल्यावर देव्हारा बघायच्या आधी संडास बघा, कमोड आहे का, धरायला काही आहे का, फरशी ओली राहते का. नसेल तर आपली घडीची कमोड खुर्ची असते, ती कुणाला लाज वाटते म्हणून घरी ठेवून येऊ नका!

आमचे आजोबा विसरतात. नेता येईल का?

येईल, पण एक माणूस फक्त त्यांच्यासाठी. संध्याकाळ झाली की असा माणूस जास्त गोंधळतो, "मला कुठं नेऊलालाव रे, घरी चला" असं दहा वेळा म्हणेल. वाद घालू नका, "आता जेवून जाऊ" म्हणा, विषय बदला. खिशात नाव-नंबरची चिठ्ठी, आणि रोज सकाळी त्यांचा एक फोटो काढून ठेवा म्हणजे हरवलेच तर आज कुठले कपडे आहेत ते दाखवता येतं. ओळखीचं गाणं, ओळखीची प्रार्थना कामाला येते. नातवाचं नाव विसरलेली माणसं "नमो मरिया" मात्र शेवटपर्यंत बिनचूक म्हणतात, हे बघितलंय आम्ही.

उपास, मिस्सा, तेलाचा संस्कार, याचे नियम काय?

ख्रिस्तप्रसादाच्या आधी एक तास काही खायचं नाही हा नियम म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही लागू नाही. तुम्हालासुद्धा नाही. शुगरच्या पेशंटला "मिस्सा झाल्यावर खा" असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला फादरकडे पाठवा.

आजाऱ्यांना पवित्र तेल लावतात तो संस्कार म्हणजे मरायच्या वेळचा, असं अजून खूप जण समजतात आणि फादर तेल घेऊन आले की आजी घाबरते. तसं नाहीये. गंभीर आजार, मोठं ऑपरेशन, म्हातारपणाची कमजोरी, यातही देतात आणि एकापेक्षा जास्त वेळा घेता येतो. आजीला आदल्या दिवशी समजावून सांगा, आणि नको म्हणाली तर नको.

डॉक्टर नको म्हणतात, पण त्यांना वाळूतून गुडघ्यांवर जायचंय. काय करायचं?

वेलंकणीला बॅसिलिकापासून मातेच्या तळ्याकडे वाळूचा रस्ता आहे, त्यावरून लोक गुडघ्यांवर जातात. हा प्रश्न दर वेळी येतो आणि याचं एकच उत्तर नाही.

घरच्यांनी मनाई केली म्हणून आम्ही मनाई करत नाही. आजी शहाणी आहे, तिला समजतं, नवस तिचा आहे. आधी तिला विचारा की नवस नेमका काय बोलला होता. बऱ्याचदा तो "गुडघ्यांवर येईन" असा नसतोच, "तुझ्या पायाशी येईन" असा असतो, बाकीचं शेजारणीनं भरलेलं असतं. तरीही हट्ट असेल तर फादरशी बोलायला लावा. नवस बदलून देता येतो, त्याऐवजी दुसरं काही करायला सांगता येतं, आणि हे फादरनं सांगितलं की आजीच्या मनावरचं ओझं जातं, जे आपण सांगून जात नाही. शुगर असलेल्यांच्या पायाला-गुडघ्याला जखम झालेली कळतही नाही आणि तापलेल्या वाळूनं फोड येतात, हे तिला सरळ सांगा, लपवू नका. एवढं सगळं होऊन ती म्हणाली की मला चार पावलं तरी जायचंय, तर पहाटे न्या, गुडघ्याला जाड पट्टी बांधा, खुर्ची मागोमाग ठेवा, आणि चार पावलं जाऊ द्या. ती यात्रा करायला आलीये, आपण तिला सुरक्षित परत आणायचं पार्सल म्हणून नेत नाही. यावर आमच्यातच भांडणं होतात, होऊ देत.

तिथं जाऊन माणूस बरा होतो का?

पेशंटनं विचारलं तर "होशील, होशील" असं कधीही म्हणू नका, आणि "असं काही नसतं" असंही नाही. ऐकून घ्या. चर्च स्वतः या बाबतीत फार सावध आहे. फ्रान्समधल्या लूर्दला 1858 साली बर्नादेत नावाच्या मुलीला अठरा वेळा मातेचं दर्शन झालं, तिथं बरं झाल्याचे सात हजारांवर दावे नोंदले गेलेत आणि डॉक्टरांच्या तपासणीनंतर चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरच्या थोडे वर. आणि बर्नादेत स्वतः दम्यानं जन्मभर आजारी होती, 35 व्या वर्षी वारली.

गोळ्या बंद करायच्या गोष्टी कुणी करायला लागलं तर मात्र गप्प बसू नका, लगेच नर्सला सांगा.

लूर्दला सेवेला जाता येतं का?

येतं, पण खर्चिक आहे. तिथं आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांची संस्था 1885 पासून आहे, जगभरातले हजारो स्वयंसेवक येतात आणि प्रवास, राहणं, जेवण सगळं स्वतःच्या पैशानं. नवीन माणूस आधी शिकाऊ असतो. हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. आजाऱ्यांना निळ्या रंगाच्या, हुड असलेल्या हातगाड्यांतून ओढत नेतात, मिरवणुकीत त्यांचा मान पहिला, आणि रात्री नऊला मेणबत्त्यांची मिरवणूक. आजाऱ्यांना कोपऱ्यात नाही तर सगळ्यात पुढं ठेवायचं ही तिथली पद्धत आपण हरेगावला, वेलंकणीला उचलायला काय हरकत आहे? भारतातून शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) लागतो आणि किमान 30 हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स. 11 फेब्रुवारी हा लूर्द मातेचा सण, तोच आजाऱ्यांचा जागतिक दिवस, पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1992 साली सुरू केलेला. ज्यांना लांब जाणं परवडत नाही त्यांनी त्या दिवशी आपल्याच पॅरिशमध्ये (आपल्या भागातल्या चर्चच्या मंडळीत) अंथरुणावर असलेल्यांना चर्चला आणायची जबाबदारी घ्यावी, ती पण यात्राच.

फोटो, रील?

नाही. स्वतः पेशंट हो म्हणाला तरच, आणि बाथरूम, अंथरूण, रडताना, तेलाचा संस्कार चालू असताना अजिबात नाही.

पैसे कोण भरतं?

स्वयंसेवकानं आपलं तिकीट-जेवण आपण काढायचं. परवडत नसेल तर मोकळेपणानं सांगा, मार्ग निघतो. पेशंटकडून किंवा घरच्यांकडून बक्षीस घ्यायचं नाही, कुणी शंभरची नोट मुठीत कोंबली तर दानपेटीत त्यांच्याच हातून टाका. पेशंटचे दागिने, पैसे एकट्यानं सांभाळायचे नाहीत, दोघांसमोर मोजून पाकिटात. आणि पेशंटसोबत बंद खोलीत एकटं राहायची वेळ आली तर बाहेर कुणालातरी सांगून जा, लहान मुलं असतील तर कायम दोन मोठी माणसं.

घरचं माणूस पण सोबत येतंय, मग आमची गरज काय?

उलट तेव्हाच जास्त. वर्षभर सासूचं करणारी सून यात्रेलाही सासूचंच करत बसते, तिला मिस्सा मिळत नाही की झोप. दिवसातले दोन तास तिला सांगा, "ताई, तुम्ही समुद्रावर जाऊन या, आम्ही आहोत." पहिल्या दिवशी ती जात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा.

बॅगेत काय घ्यायचं?

टॉर्च, जास्तीची चादर, हातमोजे, ओआरएस, ओले टिश्यू, मोठ्यांचे डायपर, जुनी वर्तमानपत्रं, प्लास्टिकच्या पिशव्या भरपूर, मागं पट्टा असलेली चप्पल. कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, पण स्वतःसाठी, कारण दात नसलेल्यांना ती चावत नाही आणि बीपीवाल्यांना चटणीतलं मीठ नको. त्यांच्यासाठी तमिळनाडूत दहीभात सगळीकडे मिळतो. भरवताना माणूस सरळ बसलेला हवा, आडवं करून घास द्यायचा नाही. साड्या-शर्ट कमी घ्या, तुमची बॅग तुम्हालाच उचलायचीये आणि एक हात खुर्चीला लागणार आहे.

नाव कुठं द्यायचं?

रविवारच्या मिस्सानंतर पॅरिश ऑफिसात. सोबत स्वतःच्या गोळ्यांचा कागदही आणा, स्वयंसेवकांनाही बीपी असतं.